काळी चार

"एक काळी दाबल्याशिवाय घरी येता येत न्हाय, पोरी."

आण्णा हे मला म्हणाले त्याला पंचवीस-सव्वीस वर्षं झाली असतील. तेव्हा मी कॉलेजात होते. आज चष्मा नसेल तर हातातला कागद दिसत नाही. कागद आणलाय मी. लिहून आणलंय. पण इथं माईकपाशी येईपर्यंत पहिली ओळच सुचेनाशी झाली, म्हणून त्यांच्या वाक्यापासून सुरुवात केली.

काकी. तात्या. कोडोलीहून दोन वडाप जीप करून आलेली पाहुणे मंडळी. डेअरीतले आण्णांचे सोबती. आणि आण्णांच्या घरच्या सोप्यात कधी ना कधी मांडी घालून बसलेले माझे सगळे गुरुभाऊ, गुरुबहिणी. तालमीचा हॉल आज पुरला नाही, बाहेर पायरीवरही माणसं उभी आहेत. मला बोलायची सवय नाही. मी लिहिते. लिहिताना खोडता येतं, इथं खोडता येत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. चुकणारच आहे, कारण जे सांगायचं आहे ते मलाच अजून नीट समजलेलं नाही.

आण्णांना जाऊन आज दहा दिवस झाले.

माझ्याआधी जे बोलले त्यांनी सांगितलं, आण्णांनी तीस वर्षं डेअरीत पाळी चुकवली नाही. कुणी सांगितलं, शिकवायचे कधी पैसे मागितले नाहीत. सगळं खरं आहे. मी फक्त एका पट्टीबद्दल बोलणार आहे. कीबोर्डवरच्या एका काळ्या पट्टीबद्दल. पाहुण्यांना वाटेल, ही बाई शोकसभेत शिकवणी घ्यायला लागली. थोडा वेळ द्या मला.

आण्णांकडे पहिल्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी हातात कीबोर्ड दिला नाही. पुठ्ठा दिला. डेअरीत तुपाचे डबे ज्या खोक्यांतून येतात त्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा, त्यावर पेनानं काढलेल्या पट्ट्या. पांढऱ्यांना नंबर, काळ्यांना नंबर. आपल्याकडे पेटीवाले म्हणतात तसेच, पांढरी एक, पांढरी दोन, काळी एक, काळी दोन. महिनाभर पुठ्ठ्यावर बोटं ठेवायची, मग वाद्याला हात. त्या पुठ्ठ्याला तुपाचा वास यायचा. माझा अजून आहे घरी. परवा वास घेऊन बघितला. आला की नाही, सांगता येणार नाही.

ते म्हणाले, "पांढरी सहा धर. आता नुसत्या पांढऱ्यावरनं चालत चालत वरच्या सहावर ये. काळीला हात लावू नको."

मी आले.

"हे मायनर. उदास स्केल म्हणत्यात याला."

मी म्हटलं, "आण्णा, सगळ्या पांढऱ्याच आहेत की. सोपं आहे."

"सगळ्या पांढऱ्या आणि तरी रडू येतंय. मग सोपं कसं?"

मग कॉर्ड बांधायला शिकवलं. कॉर्ड म्हणजे तीन पट्ट्या एकदम. पट्ट्या कशा निवडायच्या? एक घे, एक सोड, एक घे, एक सोड, एक घे. कुठल्याही पट्टीवरनं सुरू कर. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांनी हे पाठ म्हटलंय, लहान मुलं पाढे म्हणतात तसं. घे, सोड, घे, सोड, घे. सात पट्ट्यांवर सात कॉर्ड होतात. आण्णा त्यांची हजेरी घ्यायचे. तीन रडके, तीन हसरे, एक लंगडा. मी विचारलं होतं, उदास स्केलमध्ये तीन हसरे कसे? तर म्हणाले, "मयताच्या घरात बघ जाऊन. तीन तरी हसत असत्यात कोपऱ्यात."

आज इथं आहेत की नाही, मी बघितलं नाही.

आणि मग हे सात कॉर्ड कुठल्या क्रमानं वाजवायचे? इथं आण्णांनी गावं वाटून दिली होती. पांढरी सहावरचा कॉर्ड म्हणजे कोल्हापूर. घर. चौथा म्हणजे कागल, घरापासून जवळ. सहावा हसरा, म्हणून कोडोली, त्यांच्या आईचं गाव. आणि पाचवा म्हणजे गडहिंग्लजचा स्टँड. पाचवा आला की परतीची गाडी धरायची. घर, कागल, स्टँड, घर. एवढ्यात निम्मी गाणी बसतात, म्हणायचे ते.

पण त्या स्टँडच्या कॉर्डातच गोम होती. तिथं घे-सोड केलं की येतात पांढरी तीन, पांढरी पाच, पांढरी सात. तिन्ही पांढऱ्या. वाजवल्या तर वाईट लागत नाहीत. पण आण्णा मधली पांढरी पाच काढायचे आणि तिच्या उजव्या हाताची काळी घ्यायचे. काळी चार. म्हणायचे, "बघ, ही काळी पांढरी सहाच्या दाराला लागूनच हाय. दार ढकललं की घर. पांढरी पाच एक घर सोडून हाय. तिथनं घर दिसतंय, पर गाडी हालत न्हाय." आणि मग ते वाक्य. एक काळी दाबल्याशिवाय घरी येता येत न्हाय.

संगीत शिकलेल्यांना यात नवीन काही नाही. जगभर असंच शिकवतात. मला ते असं शिकवलं गेलं, एवढंच.

पुढच्या वर्षी आमच्या पेठेतल्या मंडळाच्या कार्यक्रमात मी कीबोर्डवर बसले. पहिल्यांदाच. शेवटच्या भावगीताच्या शेवटी माझं मधलं बोट घसरलं आणि स्टँडच्या कॉर्डात पांढरी पाच दाबली गेली. कुणाला कळलं नाही. टाळ्या पडल्या. खाली उतरले तर आण्णा चहाच्या गाड्यापाशी उभे. कपबशी हातात. म्हणाले, "घरी आलीस व्हय? मला तर तू अजून स्टँडवरच बसल्याली दिसतीयास."

सगळा क्लास हसला. वर्षभर मला नाव पडलं, स्टँडवाली. हा समोर बसलेला विजू, बेस गिटार वाजवतो, आता त्याची छपाईची प्रेस आहे, हा अजून फोनवर "काय स्टँडवाली, हायस का" असंच म्हणतो. मी त्या दिवसानंतर काळी चार कधी चुकले नाही. पुढं लग्न झालं, लिहिण्याच्या मागं लागले, वाद्य गेली दहा-बारा वर्षं कपाटावरच राहिलं. पण कुठल्याही लग्नात, कुठल्याही मांडवात कुणी तो कॉर्ड पांढरा वाजवला की माझी मान आपोआप वळायची. पंचवीस वर्षं मी लोकांच्या स्टँडवर बसून त्यांना चुकीचं ठरवत होते.

हे मी का सांगतेय? हां. पुस्तकामुळं.

तीन वर्षांपूर्वी आण्णा रिटायर झाले आणि म्हणाले, "आपल्या पोरांना आपल्या भाषेत कॉर्ड शिकायचं पुस्तक करूया. तू लिही, मी सांगतो." दर गुरुवारी दुपारी मी त्यांच्या सोप्यात वही घेऊन बसायची. ते वाजवायचे, सांगायचे, मी लिहायची. काकी आत स्वयंपाकघरात. तीन वह्या झाल्या. पाचवा धडा मायनरचा. परतीच्या कॉर्डाचा. त्यातच ते वाक्य आहे.

आता जे सांगते ते काकींना माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

शेवटच्या आधीचा गुरुवार. पाचवा धडा पुन्हा वाचत होतो. आण्णांनी वाजवून दाखवलं. घर, कागल, स्टँड, घर. आणि मधली पट्टी पांढरी दाबली.

मी पेन खाली ठेवलं. मला इतका आनंद झाला होता, काय सांगू. पंचवीस वर्षांनी हातात आलं होतं. मी त्यांच्याच आवाजात म्हटलं, "घरी आलात व्हय? मला तर तुम्ही अजून स्टँडवरच दिसताय."

ते हसले. "व्हय की," म्हणाले. पुन्हा वाजवलं. पुन्हा पांढरी.

मी पुन्हा हसले.

तिसऱ्यांदा त्यांनी वाजवलं नाही. हात मांडीवर ठेवला. म्हणाले, "वही ठिऊन जा. बघतो मी." मी वही ठेवली, काकींच्या हातचा चहा प्याले, रिक्षात बसताना पण हसत होते.

आठ दिवसांनी त्यांनी वही दारातच हातात दिली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. "झालं बघ. आता छापाय दे." मी पिशवी सोडली नाही. माझं एक काम अडलं होतं, त्यात पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी विजूचा फोन आला. त्या सकाळी त्यानं मला स्टँडवाली म्हटलं नाही.

स्मशानातून आल्यावर मी ती पिशवी सोडली.

पाचव्या धड्यात जिथं जिथं काळी चार लिहिलं होतं, तिथं तिथं लाल पेनानं खोडून पांढरी पाच केलंय. एकूण एक ठिकाणी. रागानं नाही, फूटपट्टी लावून खोडलंय. ते वाक्यही खोडलंय. एक काळी दाबल्याशिवाय घरी येता येत नाही, त्यावर सरळ लाल रेघ. आणि बाजूला समासात आण्णांच्या अक्षरात, "चालतंय की."

एवढंच. का चालतंय, ते नाही.

मी विजूला विचारलं. तो म्हणाला, "अगं, गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेलता न्हवं? अलीकडं तर मधलं बोट उठतच न्हवतं त्यांचं. शर्टाची बटणंबी काकी लावायच्या. काळीवर बोट चढणार कसं? तुला दिसलं न्हाय?"

मला दिसलं नाही. दर गुरुवारी दोन हातांवर समोर बसून मला दिसलं नाही. मी माणसं बघून लिहिते असं माझ्या पुस्तकांच्या मागं छापलंय.

पण विजू, तुझंही मला पुरतं पटत नाही. आपल्यात तो फौंड्रीतला माणूस होता, ज्याचं मधलं बोट मशीनमध्ये गेलं होतं. त्याला आण्णा काय म्हणायचे? "बोट न्हाय तर दुसरं बोट. पट्टी तीच." तासच्या तास बसून त्याला तिसऱ्याऐवजी दुसऱ्या बोटानं काळी चार शिकवली. असं शिकवणारे आण्णा स्वतःचं बोट उठेना म्हणून पुस्तक बदलतील? की बदललं असेल, मी हसले म्हणून?

मी तात्यांना विचारलं. तात्या, माफ करा, इथं सगळ्यांसमोर सांगते. तात्या म्हणजे आण्णांचे थोरले भाऊ, त्यांनी आयुष्यभर या कीबोर्डाला पेटी म्हटलं आणि "पेटी बडवून कुणाचं भलं झालंय" असं विचारलं. वाटलं, झिडकारतील. ते विहिरीकडं बघत बसले होते. म्हणाले, "बाई, मला त्यातलं काय कळत न्हाय. पर आमच्या म्हाद्याला ल्हानपणापासनं एक खोड. दुसऱ्याला बोललं की त्याला सोताला झोप लागायची न्हाय. तुमी कवातरी चुकला हुता म्हणं, आन त्यो हसला हुता. ते बरुबर करून टाकलं आसंल त्यानं."

तात्या, तुम्ही हे म्हणालात आणि उठून गुरांकडं गेलात. मी तिथंच बसून राहिले. पंचवीस वर्षांपूर्वीची माझी चूक बरोबर ठरावी म्हणून एखादा माणूस आपला धडा खोडेल? आणि खोडला असेल तर मी तो तसाच छापायचा? चुकीचा? चुकीचा तरी आहे का?

घरी येऊन मी कीबोर्ड कपाटावरून काढला. घर, कागल, स्टँड, घर. पांढरी दाबून वाजवलं. मग काळी. मग पांढरी. शंभरदा तरी वाजवलं असेल. शेवटी शेवटी काळीच मला दारावर धक्का मारल्यासारखी वाटायला लागली. आणि पांढरी दाबून घरी आलं की, आलं आहे असं वाटायचं पण कुणाला कळलं नाही असं. आलो की नाही आलो? पंचवीस वर्षं जे कान म्हणून वापरले, त्यांच्यावरचा माझा विश्वास गेला.

मग मी काकींना विचारलं.

काकी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मला न्हाय बाई त्यातलं काय कळत." काकी नेहमी हेच म्हणतात. तीस वर्षं शेकडो पोरं यांच्या सोप्यात येऊन गेली, प्रत्येकाला यांनी हेच सांगितलंय. मी उठायला लागले. तर खाली बघूनच म्हणाल्या, "पर भाकरीचा घोळ व्हायला लागला हुता दोन म्हैने."

मी म्हटलं, कसला घोळ?

"ते वाजवत बसायचे न्हवं जेवायच्या आधी. मी तवा ठिऊन बसायची. ते एक वाजायचं शेवटाला, दार ढकलल्यासारखं, त्ये वाजलं की मी भाकरी टाकायची. भाकरी फुगंस्तवर हे हात धुऊन पाटावर. तीस वरसं. कवा हाक मारली न्हाय. आन दोन म्हैने झालं, ते वाजायचंच न्हाय. मी आपली तवा तापवून बसलीया. दोनदा तवा जळला. मग हाक मारायला लागली. हाक मारली की म्हणायचे, बसतो की अजून जरा."

काकी, तुम्ही हे सहज सांगितलंत आणि मेथीच्या काड्या उचलून आत गेलात.

म्हणजे तुम्हाला कळत होतं. आम्ही पुठ्ठ्यावर नंबर घालून जे शिकलो, ते तुम्ही तव्यावर ऐकत होता. काळी चार कुठली, पांढरी पाच कुठली, तुम्हाला नाव माहीत नाही, पण एक वाजली की भाकरी पडायची आणि दुसरी वाजली की पडायची नाही. आमच्या क्लासात इतका चांगला कान कुणाचा नव्हता. विजूचा नाही, माझा तर नाहीच.

आणि दोन महिने. काकी म्हणाल्या दोन महिने. मी हसले तो गुरुवार तर आत्ताचा, गेल्या महिन्यातला. म्हणजे मी हसायच्या आधीपासून ते पांढरीच वाजवत होते. हे कळल्यावर मला क्षणभर बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली. कारण मग उरतं ते वाक्य. बसतो की अजून जरा. बोट उठत नव्हतं म्हणून बसत होते? की त्यांना उठायचंच नव्हतं? घरी परतायची घाई संपली होती? का पांढऱ्या पाचवर बसलं की घर दिसत राहतं, म्हणून?

मला माहीत नाही. मंडळी, मी इथं उत्तर घेऊन आलेली नाही. मला खरंच माहीत नाही.

आणि वेळ फार नाही. विजू म्हणतो, तेराव्याला पुस्तक आलेल्या प्रत्येकाच्या हातात द्यायचं, आण्णांच्या मागं मिठाई वाटण्यापेक्षा हे बरं. बाकी सगळे धडे त्यानं छापून ठेवलेत. पाचव्या धड्याची पानं तेवढी थांबलीत. तो रोज विचारतो, काळी का पांढरी सांग. एकदा छापलं की पुढं गडहिंग्लजला, कागलला, कुठंतरी एखादी पोर त्या पानावर बोट ठेवणार आणि तेच खरं मानणार. मी मानलं तसं.

आता शेवटचं.

आण्णांच्या फोटोशेजारी त्यांचा कीबोर्ड ठेवलाय. त्यावर त्यांचाच डेअरीचा टॉवेल आहे. काल मी तात्यांना विचारलं होतं, उघडू का, तर ते म्हणाले, "दुखवट्यात वाद्य? पावणं काय म्हणतील? ठेवा, पर झाकून ठेवा." बरोबर आहे तुमचं, तात्या. आपल्याकडं वाजवत नाहीत. मी गाणं वाजवणार नाही. सूरही धरणार नाही.

आपण सगळे दोन मिनिटं उभे राहणार आहोत. त्याच्या आधी एकदाच, एकच कॉर्ड. स्टँडचा. पुढचा घराचा कॉर्ड कुणी वाजवायचा नाही, तो तसाच राहू दे. पांढरी तीन मी धरते. पांढरी सात मी धरते. मधली जागा मी मोकळी ठेवते. तिथं मी बोट ठेवणार नाही, माझ्या बोटाचा आता भरवसा नाही.

काकी, तिथं तुम्ही. आधी एक दाबून बघायची, मग शेजारची. जी ऐकून तुमच्या मनात येईल की हां, आता भाकरी टाकावी, तिच्यावर बोट ठेवून राहायचं. किंवा दुसरीवर राहायचं, जी वाजायला लागल्यावर हाक मारून मारून तुम्ही दोन महिने वाट बघितलीत. तुम्ही जिच्यावर थांबाल, ती मी छापीन. खाली कुणाचंही नाव न घालता.

तुम्ही मान हलवताय, दिसतंय मला. पदर तोंडाला लावलाय. तुम्ही म्हणणार, मला न्हाय त्यातलं काय कळत. तात्याही काठी टेकून उठायला लागलेत, तेही नको म्हणणार. तरी विचारते.

मंडळी, सगळे उभे राहूया.

काकी, पुढं याल का?